सावड

पणजीतल्या हॉटेलात लांब टेबल,
दोन टोकांना दोन छोटे झेंडे,
मधे पाण्याच्या बाटल्या आणि मी:
वत्सला केरकर, दुभाषी, राहणार दिवाडी.
मानधन तासावर. फेरीचे पैसे मिळत नाहीत,
चालत चढणाऱ्याला फेरी फुकटच असते.

एक देश केप व्हर्दे, अटलांटिकातले दहा खडक,
ढगांची तोंडं ओळखणारी माणसं.
दुसरा मॉरिशस, कमरेपर्यंत उसात बुडालेला.
मधे अख्खी आफ्रिका आडवी झोपलेली.
भेटायला गोवा का, हे मी विचारलं नाही.
दोघांनाही सारखाच गैरसोयीचा असावा.

आदेरितो मोंतेरो पोर्तुगीज बोलत.
माझं पोर्तुगीज बाबांकडून आलेलं, पोस्टातलं:
पावती मिळाली. पत्ता अपुरा. मालक निघून गेला.
एवढ्या भांडवलावर मी
दोन देशांची मैत्री इकडून तिकडे नेत होते.

समोर देवकी सखाराम.
सखाराम हे आडनाव कसं, तर
पणजोबांनी धक्क्यावर स्वतःचं नाव सांगितलं,
कारकुनाने ते भलत्या रकान्यात भरलं,
आणि पुढच्या चार पिढ्या त्या रकान्यात राहिल्या.
चहाच्या सुट्टीत ती हळूच म्हणाली, "जेवलीस गो?"
एवढंच. मग पुन्हा इंग्रजी.

सहा कलमं सुरळीत गेली. मासे, विमानं,
शिष्यवृत्त्या, वर्षाआड बारा ढोलवाले.
सातव्याला गाडं अडलं.
एकावर वादळ आलं, दुसऱ्यावर दुष्काळ,
तर कोणी कोणासाठी काय करायचं?
मदत हा शब्द नको, आदेरितो म्हणाले,
मदत वरून खाली येते.
त्यांच्याकडे म्हणतात जुंतामों:
आज माझ्या शेतात सगळ्यांचे हात, उद्या तुझ्या.
हिशोब कोणी लिहीत नाही, विसरतही नाही.

मी तोंड उघडलं आणि इंग्रजी येईना.
आलं ते आईच्या माहेरचं, सावंतवाडीकडचं:
सावड.

देवकीने पेन खाली ठेवलं.
"सावड," ती म्हणाली. "आजा बोलायचा.
मला वाटायचं, ते त्याच्या गावाचं नाव."

पुढचं मी सांगायला नको होतं. दुभाष्याने
विचारलेलं तेवढंच सांगावं. पण सांगितलं,
की आमच्यात राख गार झाली की
अस्थीही सावडतात.
ती बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिली.
आदेरितोंनी विचारलं, काय झालं?
मी म्हटलं, पत्ता अपुरा.

संध्याकाळी छापून आलं:
परस्पर सहकार्याची भावना.
सह्या झाल्या, काजूची पाकिटं वाटली गेली.
फोटोत मी आहे, खांद्यापुरती.

मग त्यांना फेरी बघायची होती.
रायबंदरच्या धक्क्यावर आदेरितो वाकले,
मांडवीत बोट बुडवलं, चाखलं.
"एवढी मोठी नदी, आणि खारट?"
जूनपर्यंत थांबा, मी म्हटलं, गोड होते.
"थांबणं," ते म्हणाले, "आम्हाला येतं."
देवकी काही बोलली नाही. फेरी सुटली तेव्हा
तिने हात हलवला नाही, नुसता वर धरला.

घरी पोचले तर मिंगेल पायरीवर बसलेला.
खाजनाच्या बांधाला भगदाड पडलंय,
मानशीची फळी कुजलीय,
भरतीचं पाणी भातात शिरतंय.
पहाटे ओहोटीला किती हात मिळतील,
ते तो बोटांवर मोजत होता
आणि बोटं उरत होती.

माझे दोन धर, मी म्हटलं.
"तुझं तर आता शेतही नाही, वत्सला."
खरं होतं ते.

कराराची प्रत फडताळात टाकली
आणि दिवा घेऊन मागच्या पडवीत
घमेलं शोधू लागले.