उतारावरचा दुसरा

इनास परेरा कलिन्याचे. बेस्टमध्ये एकतीस वर्षं बस,
आता दोन क्लच, दोन ब्रेकांची पांढरी सँट्रो.
रविवारी सकाळी सहाला मला तीन बत्तीवर आणून म्हणाले,
"बाय, चढायला कोण पन शिकवते. आज उतरू."

मी त्रेपन्नची. चढायलाही उशिराच बसले.

पहिल्या खेपेला न्यूट्रल केली.
पेट्रोल वाचतं म्हणून. आमच्याकडे सगळंच वाचवतात.
गाडी एकदम हलकी झाली, कुणाचीच नसल्यासारखी,
आणि इमारतींच्या फटीतून समुद्र
भराभर वर यायला लागला.
इनासनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. ओरडले नाहीत.
"गारी मोकली सोरली, मंग ती तुजी नाय."

दुसऱ्या खेपेला चौथ्यातून थेट दुसऱ्यात,
आणि क्लच सोडला चटका बसल्यासारखा.
इंजिन किंचाळलं. मान पुढे, पर्स पुढे,
सायकलवरचा पाववाला वळून बघत राहिला.
"टाकलास? टाकायला कचरा हाय तो?
गिअर ठेव."

तीस वर्षं पतपेढीत ठेवी मोजल्या,
हा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

तिसरी खेप. वळणाच्या आधी, वळणात नाही.
वेग आधी ब्रेकने उतरवायचा,
मग क्लच तळापर्यंत,
चौथ्यातून तिसरा, बोटांनी, मुठीने नको.
आणि मग, जे मला आठवडाभर जमलं नव्हतं,
उजव्या पायाने एवढासा हुंकार,
आतल्या खोलीतून कुणी बोलत असताना
'हं, ऐकतेय' म्हणावं तसा.
खाली जो वेग वाट बघत असतो
त्याच्या पायरीला इंजिन आणून ठेवायचं,
आणि क्लच सोडायचा
झोपलेल्याच्या मानेखालून हात काढावा तसा.

लागला कधी कळलंच नाही.
आवाज जरा जाड झाला, एवढंच,
आणि उतारावर गाडीने स्वतःला धरलं.

मला वाटलं, झालं.
इनासनी आरशावर टिचकी मारली.
मागे टॅक्सी, अगदी अंगावर.
"इंजिनवर हलू झालीस. बरा केलास.
पन मागं लाल दिवा लागला काय?
त्याला कसा समजल?
ब्रेकला नुसता पाय लाव. सांग त्याला."

गेल्या मंगळवारी पेढीत अर्ज दिला होता.
जूनपासून अर्धा दिवस, अर्धा पगार.
कॅशच्या काचेआड आता डोळे दुखतात,
आणि डोळ्यांचं निमित्तच आहे.
घरी बोलले नव्हते.
निहारचं शेवटचं वर्ष, ह्यांच्या दुकानाचं भाडं वाढलेलं;
मला वाटत होतं, धक्का न देता उतरलं
की कुणाला कळणारही नाही.

तिसऱ्यातून दुसरा. हुंकार. सावकाश.
मग ब्रेकवर पाय, दाब नाही, नुसती ओळख.
आरशात टॅक्सी एक गाडीभर मागे सरकली.
ड्रायव्हरने जांभई दिली.
माझ्यावर कुणी इतका सहज विश्वास
बऱ्याच दिवसांत टाकला नव्हता.
ठेवला नव्हता.

चौपाटीच्या सिग्नलला पूर्ण थांबल्यावरच पहिला.
"चालतीला पयला देऊ नको कदी," इनास म्हणाले,
आणि खिशातून खारे शेंगदाणे काढून
निम्मे माझ्या हातावर ओतले.

घरी दार निहारनेच उघडलं, तोंडात ब्रश.
"ठोकलीस का कुठे?"
"नाही. बस जरा," मी म्हणाले.
तो ब्रश तसाच धरून बसला.