वरून, बाजूनं

मंगळवारच्या चित्रवर्गात बाई म्हणाल्या,
घरातलं काहीही आणा, मुठीत मावेल असं.
गेरार्दनं बिस्किटांचा निळा डबा आणला.
वुचमध्ये अशा डब्याला कुणी फसत नाही,
झाकण उघडण्याआधीच सगळे हसले.

चाळीस वर्षं ट्रामचे ब्रेक दुरुस्त केलेला माणूस,
लुत्सिनाच्या डब्यातल्या निम्म्या वस्तूंची
नावंही त्याला ठाऊक नव्हती.

पहिला कागद, अंगुस्तान.
वरून एकदा, बाजूनं एकदा, मापं मिलिमीटरमध्ये.
खळगे मोजून काढले, एकशे बारा.
एक आरपार गेलेला.
तिथे पेन्सिल जरा वेळ हवेत राहिली.

बाई म्हणाल्या, छान, पण हा सुटा भाग झाला.
चित्र कुठाय? सावली कुठल्या बाजूला पडते?
तो म्हणाला, डेपोत सगळीकडून दिवे असायचे.

मग टेप. साठापर्यंतचे आकडे पुसट,
पुढचे कोरे करकरीत.
गळे, मनगटं, गल्लीतल्या पोरांच्या छात्या.
मोठी माणसं ती नुसत्या नजरेनं मापायची,
आणि ढिलं शिवायची.

गुंड्या त्यानं चाकांसारख्या काढल्या.
कात्रीचा खिळा अगदी हुबेहूब,
पाती मात्र कुणाचीही वाटावीत अशी.

शेवटी सुई.
लोकरी चिंधीत टोचलेली, ओवलेली,
करडा दोरा वीतभर, टोकाला गाठ.
कशासाठी तयार ठेवली असेल?
रात्री त्यानं कपाट उपसलं.
एकही टाका उसवलेला नव्हता,
बाह्या, अस्तरं, जुन्या कोटाचा खिसासुद्धा.

आणि मग ती गाठ ओळखीची वाटली.
ब्रेकच्या तारेला मारतात तशी, दुहेरी, ओबडधोबड.

दर रविवारी चर्चहून आल्यावर
ती सात सुया त्याच्यापुढे ठेवायची.
ओवून दे, मला नेढं दिसेनासं झालंय.
तो कुरकुरत ओवायचा, थुंकी लावून,
खिडकीच्या उजेडात एक डोळा मिटून.
सोमवार ते शनिवार सहा सुया संपल्या असणार.

मंगळवारी त्यानं आधी दोरा काढला.
मग गाठ. मग दोऱ्याभोवती, जेमतेम, नेढं.
सुई काढायला कागदावर जागाच उरली नाही.
बाई बराच वेळ मागे उभ्या होत्या,
सावलीचं काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वेळी काज.
ते वरून काढायचं की आतून,
हे विचारायचं राहिलं.