सेकंदकाटा

दुपारी अडीचला, गणपती पेठेत शटरं अर्धी खाली असताना
उत्तरा मगदूम आल्या. रुमालाच्या चार घड्या उलगडल्या.
"अण्णांचं. पुण्याचा एक जण मागतोय.
अस्सल असेल तर चाळीस हजार म्हणाला.
तुम्ही तेवढं लिहून द्या."

मी भिंग डोळ्याला लावलं.
भिंग लावलं की माणूस दिसत नाही, हा त्याचा फायदा.

आधी तबकडी. खोटं बोलायची घाई तिलाच असते.
रंग दुसऱ्या हाताचा. हात चांगला,
पण इंग्रजीशी ओळख नसावी:
कंपनीच्या नावातला एन उलटा.
चावी पितळी, केस स्टीलची,
शेजारून वाटीभर साखर आणावी तशी आणलेली.

मागचं झाकण फिरेना. आट्यांत काहीतरी बसलेलं.
सुईच्या टोकावर निघालं, पिवळं, कोरडं.
नाकाशी नेलं.
हळद.
"मार्केट यार्डात होते ना," त्या म्हणाल्या, "तोलाईदार.
नेमगोंडा मगदूम म्हटलं की अडते ओळखायचे.
सौद्याच्या धुरळ्यातसुद्धा घड्याळ हातातच."

म्हणजे केस त्यांची. हळदीनं सांगितलं.
पुण्याच्या माणसाला हळदीची साक्ष चालेल का, कुणास ठाऊक.

मशीन त्याच कंपनीचं, पण केसपेक्षा दहा वर्षांनी धाकटं.
बसवताना कडेला पत्र्याची पट्टी सरकवलेली,
पोरानं बापाची चप्पल घालताना
पुढं कापूस कोंबावा तशी.

झाकणाच्या आत ओरखडे.
घड्याळ उघडणारा प्रत्येक जण सुईनं खूण करून जातो,
गिऱ्हाइकाला न दिसणारी हजेरी.
एक कानडी आकडा, बेळगावकडचा असावा.
एक चंद्रकोर: उस्ताद गुलाबसाहेब शिकलगार.
त्यांची रेघ कधी थरथरली नाही.
आणि तिसरी, ८८, पुढं एक 'र',
शेपूट नको तेवढं लांब.

भिंग काढलं. पुसलं. पुन्हा लावलं.
शेपूट लांबच.

उस्ताद त्या दिवशी मिरजेला, उरुसाला.
मी एकोणीस वर्षांचा, गल्ल्यावर पहिल्यांदा एकटा.
मूळ काटा चिमट्यातून उडाला.
लोहचुंबक घेऊन संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर होतो,
फरशीच्या भेगा मोजत.
मग डब्यातला दुसरा लावला, लांब होता, टोक छाटलं.
कानस मारायला वेळ नव्हता, गिऱ्हाईक दारात.
चेहरा आठवत नाही.
मनगट आठवतं, आणि नखांतलं पिवळं.
त्यांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं.
पैसे मोजून दिले, गेले.
जन्मभर वजन करणारा माणूस,
आणि माझं ते छाटलेलं टोक त्यांच्या तराजूत आलंच नाही.
किंवा आलं असेल.

"काय हो? खोटंय?"
खोटं नाही, म्हटलं. यातला प्रत्येक भाग
कुठल्यातरी घड्याळाचा अस्सल आहे.
त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

चिठ्ठी लिहायला घेतली.
केस मूळ. तबकडी दुबार रंगवलेली. मशीन, चावी बदललेली.
सेकंदकाट्यापाशी पेन थांबलं.
समोरच्या मसालेवाल्यानं शटर खडखडत वर ओढलं,
पेठेत चार वाजले.
लिहिलं: माझा.
खाली सही केली.

त्यांनी दोनदा वाचलं.
चाळीस हजारांचं काहीच बोलल्या नाहीत.
"चालतं ना पण?"
चालतं. दिवसाला दोन मिनिटं पुढं.
"अण्णा तसेच होते," म्हणाल्या, आणि मनगट पुढं केलं.

पट्टा सैल. शेवटच्या भोकावरही घड्याळ फिरून खाली येई.
मी आर घेतली,
अजून एक भोक पाडलं.