चेहऱ्याचं माप

केंदारीहून जुप्री नवी बंदूक घेऊन आला,
ॲल्युमिनियमची, निळ्या मुठीची,
किमतीचं लेबल अजून तसंच.
मी हातात घेतली. हलकी आहे, म्हटलं.
आतली स्प्रिंग गंजली
की बोटीचा एक दिवस, वर दुकानदाराची मर्जी.

हिरमुसला. वीस वर्षांचा तर आहे.

मग मी छपराखालून बापाची काढली.
तीन हात लोखंडी लाकूड,
खटका सायकलच्या ब्रेकचा,
तुटला तर सायकली गावोगाव आहेत.
उचलून बघ, म्हटलं. जड लागते ना?
पाण्यात लागणार नाही. तिथे ती तुझाच हात होते.

सळई मशिदीच्या पायरीवर लोळवायची.
खडखडली तर वाकडी,
आणि वाकडी सळई
सरळ माणसालाही खोटं पाडते.
टोकाला कानस एकाच दिशेनं.
काट्याच्या बिजागरीत वाळूचा एक कण
पुरतो, गोब्रा निसटायला.

रबर ट्रकच्या ट्यूबचं.
दर चार महिन्यांनी उजेडात ताणून बघ,
केसाएवढी चीर दिसली तर काप.
म्हाताऱ्या रबराची दया करू नये,
ते तुटतं तेव्हा नेमकं तोंडावर येतं.
खोबरेल लोखंडाला. रबराला थेंबही नाही,
लाडावलेल्या पोरासारखं फुगतं, मग कामाचं राहत नाही.

आणि गोडं पाणी.
आपल्या खांबांवरच्या घरांत ते कॅनने येतं,
पलीकडच्या बेटावरून, पैसे मोजून.
तरी आधी भाला धुवायचा, मग अंग.
बाप हेच करायचा,
आई म्हणायची, सवत बरी होती.

पाण्यात राहून माशांशी वैर? छे.
वैरात माणूस डोळे मिटतो.
आपल्याला बघावं लागतं.

तर आता चष्मा.
तो बाजारात मिळत नाही आणि उसना चालत नाही.
बस इथे. हसू नकोस, गाल हलतात.
मी अंगठ्यानं त्याच्या डोळ्यांची खोबण चाचपली,
नाकाचं हाड, डावीकडची जुनी खोक
(लहानपणी नांगराच्या दोरानं कापलेली,
तिथूनच पाणी घुसणार, मला माहीत होतं).
फणसाचं लाकूड, पटाशी, दोन दुपार.

बापाचा चष्मा मी बावीस वर्षं घडवत होते.
एकदा केला आणि संपलं, असं नसतं.
माणूस वाळतो, गाल आत जातात,
लाकूड मात्र आहे तिथेच.
दर पावसाळ्यानंतर तो यायचा,
गळतोय गं, म्हणायचा, जणू चूक लाकडाची.
मी कडा थोडी खरवडायची,
राळ वितळवून नवी सांध भरायची,
काही बोलायची नाही.
शेवटच्या वर्षी तीनदा खरवडला.
त्या कडेवर बोट फिरवलं
तर त्याचा अख्खा चेहरा हाताला लागतो,
आतून, उलटा.

मी एकदा लावून पाहिला होता, तो गेल्यावर.
दोन्हीकडून पाणी आलं.
समुद्राचंच.

जुप्रीसाठी काच नव्हती.
बाटलीच्या काचेतून मासा जिथे दिसतो तिथे नसतो,
खिडकीची हवी, सपाट, बुडबुडा नसलेली.
अशा दोनच होत्या घरात,
बुडालेल्या फेरीच्या केबिनमधून बापानं आणलेल्या.

चाकूचं टोक तापवलं.
राळ मऊ झाली, काच सुटली,
आधी उजवी, मग डावी.
जुप्री म्हणाला, आत्या, राहू दे.
मी म्हटलं, काच चांगली आहे.

घराखाली, शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून
त्यानं पाण्यात तोंड घातलं.
बराच वेळ वर आला नाही.
एक होडी गेली, शेजारच्या मोरीचं पाणी सांडलं.
मग आला. खाली काय काय दिसतं, म्हणाला,
तुझी हरवलेली कढईसुद्धा.

गळतोय?
नाही.
मी बघत राहिले.
डावीकडे, किंचित, म्हणाला. थेंबभर.

दे इकडे.