चासीतली माती

खाणीच्या कंपाउंडात ती अकरा वर्षं उभी होती,
बॉनेटवर वेल, मागच्या सीटखाली मुंगसाचं बिऱ्हाड.
लिलावाच्या कागदात तिच्यासाठी एक ओळ होती:
जीप, डिझेल, चालू स्थितीत नाही.
त्या वर्षी माझ्यासाठीही
तेवढी ओळ पुरली असती.

टेम्पोवर घालून रिवणला आणली
तेव्हा आई दारात आली नाही.
तिनं आवाजाशिवायच ओळखली.
हीच यायची बांधाकडेनं, गढूळ पावसानंतर.
सुपरवायझर काचेआडून आमचं शेत बघायचा,
नुकसानीचा आकडा लिहायचा,
न उतरता.

इनास मेस्तनं हातोडीनं चासी वाजवून बघितली,
कान लावून, डोळे मिटून.
"हाडं बरी आहेत गो," म्हणाला,
"मांस तेवढं गेलंय."

मग चार महिने आम्ही लालच उपसत होतो.
पत्रा कापला की आत लाल.
ब्रेकच्या ड्रमात, पाट्यांच्या फटीत,
स्पीडोमीटरच्या काचेमागेसुद्धा,
जिथं काटा चाळीसवर अडकून बसलेला.
उभ्या जागी चाळीसनं पळणारी गाडी.
रात्री मी नाक शिंकरायची
आणि रुमालात खाण निघायची.

मेस्तचा आग्नेल मोबाईलवर दाखवायचा
रुंद टायर, टपावर दिव्यांची रांग.
मी म्हटलं, बाबा,
मला दोनशे फुटांवरची मोटर बोअरमधून वर काढायची आहे.
आज चार माणसं दोर ओढतात
आणि दर वेळी एकाचा तळहात सोलतो.
त्याच्यावर बोल.

तो बोलला मग. पुढच्या बंपरला विंच बसवला,
कन्व्हेयरच्या भंगारातले तीन पाइप जोडून
घडीची तिपाई केली.
मागची सीट गेली, तिथं खण आले:
केबल, वॉशर, कपॅसिटर, चहाचा थर्मास.
क्लचचं पेडल दोन इंच माझ्याकडे सरकवलं,
कारण बनवणाऱ्यांनी
या सीटवर माझ्या उंचीची बाई
कधी बसवून बघितली नव्हती.

रंग कुठला, मेस्तनं विचारलं.
लाल सोडून कुठलाही.
कुटबणच्या जेटीवरून त्याच्या मेव्हण्यानं
ट्रॉलरचा उरलेला निळा पाठवला,
दीड डबा. टेलबोर्डाला कमी पडला.
टेलबोर्ड अजून प्रायमरवरच आहे.

डिसेंबरात व्हाळात घातली, लो गिअरला टाकून.
पाणी बंपरला टेकलं, इंजिन खोकलं, बंद नाही पडलं.
मी ओरडलेच आनंदानं.
मागे बघते तर
चासीच्या पोकळ नळीतून, जिथं आमचा ब्रश पोचला नव्हता,
लाल धार सुटलेली.
खाली पन्नास पावलांवर आई कपडे धूत होती.

धार तिच्यापर्यंत गेली.
तिनं धुतलेलं लुगडं पाण्यातून वर उचललं
आणि तसंच धरून ठेवलं, दोन्ही हातांनी,
ठिबकत.
पूर्वी अशी धार आली की महिनाभर सरायची नाही.
मी इंजिन बंद केलं. तोंडात शब्द नव्हता.
आई पाण्याकडे बघत राहिली,
बघत राहिली,
मग लुगडं पुन्हा पाण्यात सोडून खंगाळू लागली.
तेव्हा मी वाकून बघितलं.
तळाचे गोटे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी नेत्रावळीहून शाबी वेळीपचा फोन आला,
कुळागरातली मोटर अडकलीय, सुपारी सुकतेय.
मी तिपाई बांधत होते
तोवर आई येऊन शेजारी बसली,
मांडीवर पिशवी.
"तिठ्यावर सोड. नारळ द्यायचेत."

बांधाजवळून जाताना तिनं पदरानं काच पुसली.
बाहेर बघितलं, बराच वेळ.
"इथून," ती म्हणाली, "शेत किती लहान दिसतं गो."

मी गाडी हळू केली.

"ही सीट," आई म्हणाली,
"जरा खाली करून घे."