वॉशरचा हिशेब

माझगावात, डॉकयार्डच्या उतारावर एक पाणपोई आहे.
काळा दगड, चार गोमुखं,
संगमरवरी पाटीवर कुण्या शेठचं नाव;
बोट फिरवलं तर अक्षरं अजून लागतात.
पाणी मात्र माझ्या लहानपणीच गेलं.
बांधायला पैसे मिळाले होते,
वॉशर बदलायला नाही.

मी पतपेढीत खाती लिहितो.
कोड मला येत नाही, वर्गणी येते.
म्हणून फरझाना मुकादमने बोलावलं:
दत्तप्रसादसाठी एखादा नियम बसवून द्या.

दत्तप्रसाद नार्वेकर, तिसरा माळा, टाकीखालची खोली.
अकरा वर्षांपूर्वी त्याने काही ओळी लिहिल्या
आणि कुलूप न लावता ठेवून दिल्या,
जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून.
विजेच्या बिलावर ग्राहक धड उभा राहतो,
दाखल्यावर मृत्यू मोडत नाही,
ते त्याच्यामुळे.
त्याला कुणी ओळखत नाही.
काही बिघडलं की रात्री दोनला निरोप येतात,
बरेचसे रागावलेले.

एका विमा कंपनीने लाख देऊ केले होते.
आधी आमचं काम करा,
वर आमचं नाव लावा.
फरझाना काही बोलली नाही,
खिडकीतून खाली पाणपोईकडे बघत राहिली.
दत्ता म्हणाला,
लाखात माझं वर्षाचं भाडं निघतं.
हे वाक्य मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे.
त्याच्यासमोरचा रकाना अजून कोरा आहे.

चार रविवार भांडून असं ठरलं:
देणारे जितके, तितके पैसे प्रत्येकाने द्यायचे.
शंभर जण असले तर रुपया,
हजार असले तर दहा.
एकट्याने कुणी बुडायचं नाही,
एकट्याने मालकही व्हायचं नाही.
कंपनी आली तरी डोकं एकच मोजायचं.

आणि जे देणारच नाहीत? हर्षाली तांडेलने विचारलं.
तिचा आवाज चढला होता, कारण ती स्वतः
पाच वर्षं फुकट वापरत होती.
वापरू देत, दत्ता म्हणाला.
पाणपोईला दार बसवलं की दुकान होतं.

वरची मर्यादा ज्याची त्याने ठरवावी,
सोडून जाणाऱ्याला कारण विचारू नये,
हे कलम माझं.
दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरलोय;
मागणाऱ्याचा चेहरा कसा होतो
ते मला दाढी करताना दिसतं.

पहिल्या महिन्यात सात जण आले.
सात सत्ते एकोणपन्नास.
पैसे. रुपये नव्हे.
दत्ता हसता हसता खाली बसला.
एवढी रक्कम पाठवायला बँकच जास्त घेते,
तेव्हा मी ती पुढे ओढली.

दुसऱ्या महिन्यात तेवीस.
पाच रुपये एकोणतीस, अधिक मागील बाकी.
पाचचं नाणं मी त्याच्या हातावर ठेवलं,
सही घेतली.

तो तडक नळबाजारात गेला आणि वॉशर घेऊन आला.
पाणपोईसाठी नाही, तिची लाइन पालिकेने कधीच तोडली.
त्याच्या मोरीतला नळ
रात्रभर टिपकायचा, काम करताना.

शिल्लक अठ्ठ्याहत्तर पैसे.
पुढील पानावर.