अध्यात ना मध्यात

महापे. प्लॉट नंबर सोडा, गेट निळं आहे.
दुसऱ्या मजल्यावर सहा चंचुपात्रं रांगेत
आणि सहा पाती एकाच दमात फिरणारी.
कुरियरच्या कॅनवर स्केचपेननं, घाईत:
रामसखी देवी, हापसा, शाळेमागे.
गंगेकाठचं कुठलंसं गाव, पिनकोड पुसलेला.

पाणी स्वच्छ. वास नाही. चव
मी घेणार नव्हते.
मढवी म्हणाला, आमचा बाप मिठागरात
बोट बुडवून सांगायचा, मीठ आज पिकेल की परवा.
ह्याच्यात बोट घालून काय कळंल?
काही नाही, म्हटलं.
म्हणून तर हापसा एकोणीस वर्षं चालला.

पहिल्या दिवशी नुसतं फेरिक क्लोराइड.
गंजाचे गुच्छ जमले, सावकाश तळाशी बसले.
वरचं गाळून मोजलं:
एकशे चाळीसचे अठ्ठ्याण्णव. हवेत दहाच्या आत.
"यो पकरूच देत नाय, बाय."

मग मढवीनं मुलाच्या माशांच्या टाकीचा पंप आणला,
रात्रभर बुडबुडे सोडले.
सकाळी सत्त्याण्णव.
हवेला घाई नसते. तिच्या भरवशावर महिने गेले असते.

तिसऱ्या पायरीवरचं आर्सेनिक असंच.
तीन हायड्रोजन पोटाशी धरून बसलेलं,
धन नाही, ऋण नाही,
कुणाच्या अध्यात नाही, कुणाच्या मध्यात नाही.
लोह हात पुढे करतं
आणि हे बाजूनं निघून जातं,
सोसायटीच्या मीटिंगमधून सज्जन माणूस जातो तसं.

माझ्याबद्दल ऐरोलीत हेच म्हणतात. कौतुकानं.
मार्चमध्ये रबाळ्याच्या नाल्याचा नमुना आला,
बाटली वेगळी, सील कोरं, अक्षर दुसऱ्याचं.
मी विचारलं नाही.
जे बाटलीत होतं ते मोजलं,
"मर्यादेत" लिहिलं, सही केली.
त्या कागदावर एकही आकडा खोटा नाही.

तिसऱ्या दिवशी परमँगनेट.
पिपेटच्या टोकाला जांभळा थेंब,
पाण्यात पडला आणि पसरला.
गावात पटकी आली तेव्हा विहिरीत हेच टाकलेलं, मढवी सांगत होता,
बाया हंडा घेऊन घरी पोचेपर्यंत गुलाबी उडून जायचं.
इथेही उडालं. त्याचं वाक्य संपायच्या आत.

ते उडणं म्हणजेच घडलेली गोष्ट.
दोन इलेक्ट्रॉन कुणीतरी काढून घेतले,
तिसऱ्याचं पाचवं झालं,
हायड्रोजनवरची मूठ सैल पडली
आणि अंगावर ऋण चढलं.
ज्याच्यावर ऋण चढतं
तो कुणाचा तरी काहीतरी लागतो.
लोहानं हाक मारली, ते थांबलं.

सहा.
पुन्हा लावलं. सहाच.
मढवीनं सगळ्यांना चहा सांगितला, वॉचमनलाही.

"नाहीसं झालं" असं लिहू नकोस,
नव्या मुलीला, इशरतला, मी सांगते.
नाहीसं काही होत नाही. ते गाळात आहे,
ओल्या बिस्किटासारखं, तपकिरी.
पिंपात भरायचं, वर कवटीचं लेबल,
तळोज्याची गाडी गुरुवारी येते.
त्याचा पत्ता कळला, एवढंच.

अहवालात रकाने आहेत: आधी, नंतर, मात्रा, सामू.
रामसखी देवींच्या तळव्यांना काय झालंय
याला रकाना नाही.
शेऱ्याच्या जागी मी लिहिलं,
हापशाला आजच लाल रंग द्या.
यंत्र बसेल तेव्हा बसेल.

मग मार्चची फाइल काढली.
सील कोरं का होतं, एवढंच विचारायचंय.
पलीकडे रिंग जाते आहे.
मढवी पाती धुता धुता
माझ्याकडे बघतोय, काही न बोलता.